गुलाबांच्या ‘सर्व रोगांवर एकच उपाय’ किटबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : आपल्या किटच्या फवारणीने गुलाब करपल्याबद्दल आणि बाटलीवर घटकांची माहिती नसल्याबद्दल

महोदय,

नाशिकमधल्या माझ्या घराच्या गच्चीवर कुंड्यांत गुलाब आहेत. ग्लॅडिएटर, डबल डिलाइट, शिवाय गुलकंदासाठी लावलेले गावठी. ऑक्टोबरच्या सुरुवातीला छाटणी उरकली आणि आपले गुलाब संरक्षण किट ७४९ रुपयांना ऑनलाइन मागवले. पावती सोबत जोडली आहे. खोक्यात कडुनिंबाच्या तेलाची बाटली, ८० टक्के गंधकाची पुडी आणि ‘रोज स्पेशल’ एवढेच छापलेली तिसरी बाटली निघाली. माहितीपत्रक सांगते की तिन्ही एका पंपात मिसळा आणि ‘कडक उन्हात फवारा, म्हणजे औषध लवकर वाळेल’. नवी फूट वीतभर झाल्यावर त्याप्रमाणे फवारणी केली. दोन-तीन दिवसांतच कोवळ्या पानांच्या कडा तांबूस होऊन आत वळल्या. मग पाने गळू लागली आणि कळ्या धरणारे शेंडे काळे पडले. फोटो पाठवत आहे.

आपल्या प्रतिनिधींनी फोनवर पहिलाच प्रश्न केला, ‘मॅडम, डोस जास्त झाला असेल का?’ पत्रकात डोस दिला आहे तो असा : तेल ‘एक झाकण’, गंधक ‘एक चमचा’. झाकणावर मापाची रेघ नाही. चमचा चहाचा, पोह्यांचा की तूप वाढायचा, याचाही उलगडा नाही. विरघळणारे गंधक साधारणपणे लिटरला दोन ग्रॅम वापरतात, म्हणून मी वजन करून तेवढेच घेतले होते. तेव्हा डोसाचा मुद्दा निकालात निघाला, असे समजते.

खरा दोष मिश्रणात आहे. तेल आणि गंधक एकत्र आले की पाने भाजतात. तेलाची फवारणी झाल्यावर किमान दोन आठवडे गंधकाला हात लावायचा नसतो, आणि पारा बत्तीसच्या वर असताना तर गंधक एकटेसुद्धा पाने जाळते. माझ्या भावाची निफाडला द्राक्षबाग आहे. त्याने पत्रक वाचले आणि विचारले, ‘ताई, हे लिहिणाऱ्याने कधी पंप पाठीवर घेतलाय का?’ भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक कधी, कसे आणि कोणत्या उन्हात वापरायचे नाही, हे आमच्या जिल्ह्यात बागेवरचा गडीही सांगेल. ऑक्टोबरच्या उन्हात, तेलासकट, तेही दुपारी, असा सल्ला देणारी कंपनी मी पहिल्यांदाच पाहिली.

‘पाने पुन्हा येतील’ असे सांगून आपल्या लोकांनी विषय संपवायचा प्रयत्न केला. पाने येतील, हे मलाही माहीत आहे. पण आपल्याकडे गुलाबाचा मुख्य बहर या छाटणीवरच येतो. छाटल्यापासून सहा-सात आठवड्यांत फुले धरतात आणि थंडीभर येत राहतात. छाटणीनंतरची पहिली फूट झाड आपल्या साठ्यातून काढते. ती जळाली की पुन्हा तोच खर्च. दोन झाडांच्या काड्या आताच वरून खाली काळ्या पडत चालल्या आहेत, म्हणजे शेंडेमर शिरली आहे.

आणि याच शेंडेमरीवर आपले किट ‘खात्रीचा उपाय’ आहे, असे खोक्यावर छापलेले आहे! काळी पडलेली काडी कोणत्याही फवाऱ्याने हिरवी होत नाही. ती निरोगी भाग लागेपर्यंत कापावी लागते, कात्री दर वेळी पुसावी लागते आणि कापावर बोर्डो (मोरचूद-चुन्याचे मिश्रण) किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड अशा तांब्याच्या बुरशीनाशकाची पेस्ट लावावी लागते. किटमध्ये तांब्याचे काही नाही. निदान पत्रकात ‘आधी काडी कापा’ एवढे तरी असायला हवे होते.

‘काळे ठिपके ७ दिवसांत नाहीसे’ हा दावाही तसाच. ठिपका पडलेले पान पुन्हा कोरे होत नाही. ते पिवळे पडून गळते आणि गळालेल्या पानावर बुरशी जगून राहते. पान सलग सात-आठ तास ओले राहिले की ही बुरशी आत शिरते. त्यामुळे पावसाळ्यात खालची पाने काढणे, पडलेली पाने गोळा करून टाकणे, पाणी सकाळी आणि बुंध्याशी देणे, कुंड्यांमध्ये वारा खेळेल एवढी जागा ठेवणे हाच अर्धा उपचार आहे. औषध निरोगी पाने वाचवण्यासाठी मारायचे असते. भुरीचे उलटे आहे. तिला ओले पान लागत नाही, कोरडे दिवस आणि दमट गार रात्री मिळाल्या की ती कोवळ्या शेंड्यावर पांढरी पसरते. तिच्यावर गंधक चालते, मात्र तेलाविना आणि सकाळच्या गारव्यात. आपल्या पत्रकात या दोन रोगांची चित्रेसुद्धा अदलाबदल झालेली आहेत.

किडींबाबत थोडक्यातच लिहिते. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानेही बराच कमी होतो. फुलकिडे मिटलेल्या कळीत लपतात, त्यांच्यापर्यंत वरवरची फवारणी पोचत नाही. लाल कोळी तर कीटकच नव्हे. आठ पायांचा तो जीव पानाच्या खालच्या बाजूला जाळी करून राहतो आणि बऱ्याच कीटकनाशकांना दाद देत नाही. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मेले की तो फोफावतो. तरी आपल्या पत्रकात ‘पानांच्या वर फवारा’ असे आहे.

आता तिसरी बाटली. तिच्यावर घटकाचे नाव, प्रमाण, नोंदणी क्रमांक, बॅच, उत्पादनाची तारीख, मुदत, विषारीपणाचा रंगीत त्रिकोण, विषबाधेवरचा उतारा, यांतले काहीही नाही. कीडनाशकाच्या लेबलवर ही माहिती असणे कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे बंधनकारक आहे. आत काय आहे, असे विचारल्यावर ‘फॉर्म्युला गोपनीय आहे’ असे उत्तर मिळाले. महोदय, हे मसाल्याचे घरगुती प्रमाण नव्हे. मी गावठी गुलाबाच्या पाकळ्यांचा गुलकंद करते आणि तो नातवंडे खातात. फवारणीनंतर किती दिवस फूल तोडायचे नाही, हे लिहिलेले नसल्याने त्या कुंड्यांना मी आपले औषध लावलेच नाही. शेजारी शेजारी ठेवलेल्या या कुंड्या आज हिरव्यागार आहेत. त्यांचाही फोटो जोडला आहे, म्हणजे ‘उन्हाने झाले असेल’ हे उत्तर तरी येणार नाही.

‘परतीची मुदत संपली’ असा संदेश मला आला आहे. मी न आवडलेली साडी परत करत नाही, सदोष सूचनेने झालेले नुकसान कळवते आहे. किटची पूर्ण किंमत परत करावी आणि नुकसान झालेल्या झाडांची नर्सरीच्या पावतीप्रमाणे भरपाई द्यावी. तेल व गंधक एकत्र फवारण्याची सूचना पत्रकातून आणि विक्रीच्या पानावरून काढावी, हे किट आधी घेतलेल्या ग्राहकांनाही तसे कळवावे. बहर धरायच्या दिवसांत आणखी किती गच्च्यांवर हे मिश्रण फवारले गेले असेल, याची मला जास्त काळजी आहे. तिसऱ्या बाटलीतल्या घटकांची नावे मला लेखी हवीत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन, आणि लेबलची बाब जिल्ह्याच्या कृषी विभागाकडे वेगळी कळवीन. फोन करू नयेत, फोनवरची उत्तरे ऐकून झाली आहेत.

एक राहिले. ‘रोज स्पेशल’ची बाटली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली आहे आणि मी ती कुलपात ठेवली आहे. आत काय आहे ते ठाऊक नसल्याने मोरीत ओतता येत नाही आणि घंटागाडीतही टाकता येत नाही. ती ताब्यात घेण्यासाठी आपला माणूस कधी येणार, तेही त्याच उत्तरात कळवावे.

आपली ग्राहक,
नाशिक

सोबत : खरेदीची पावती, नर्सरीची पावती, झाडांचे, पत्रकाचे व तिन्ही औषधांच्या लेबलांचे फोटो