जिन्यातील चिकट फरशी आणि कुंड्यांवरील कीड

प्रति,
मा. अध्यक्ष,
सोसायटीची व्यवस्थापन समिती

महोदय,

सप्रेम नमस्कार. जिन्यातली फरशी चिकट राहते म्हणून 'सफाईत हयगय होत आहे' अशी सूचना फलकावर लागली आहे. ती वाचून दोघातिघांनी सफाईच्या मावशींना माझ्यासमोर सुनावले. त्या दिवशी मावशींनी तोच कोपरा माझ्या डोळ्यांदेखत दोनदा पुसला होता. संध्याकाळी तिथे माझी चप्पल पुन्हा चिकटली, तेव्हा मी वर पाहिले.

दुसऱ्या मजल्यावरच्या रबराच्या झाडाचे एक पान उलटे करून पाहा. मधल्या शिरेला लागून तिळाएवढे तपकिरी खवले बसले आहेत. नखाने खरवडले की सुटतात. ही खवले कीड. पानातला रस ती शोषते आणि जादा साखर चिकट थेंबांतून बाहेर टाकते. तेच थेंब कठड्यावर आणि फरशीवर पडतात. पानांवर धरलेली काजळी म्हणजे त्या गोडव्यावर वाढलेली बुरशी आहे. मुंग्याही त्यासाठीच येतात आणि बदल्यात किडीची राखण करतात. तिला खाणाऱ्या ढालकिड्यांना जवळ फिरकू देत नाहीत. शेजारच्या जास्वंदीवर कापसासारखे पुंजके दिसतात, तो पिठ्या ढेकूण.

सगळ्या कुंड्या फेकून द्याव्यात किंवा जिन्यात जहाल औषध फवारून घ्यावे, अशी चर्चा कानावर आली. मला दोन्ही पटत नाही. जिन्यात हवा खेळत नाही, लहान मुले आणि वयस्कर माणसे तिथूनच ये-जा करतात. शिवाय मोठी झालेली खवले कीड कवचाखाली असते, अंडीही तिथेच. एका फवारणीत ती संपत नाही.

मला चार रविवार द्या. आधी जुन्या टूथब्रशने खवले काढून पाने दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसेन. मग लिटरभर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल आणि थोडा पातळ साबण घालून ऊन उतरल्यावर फवारेन. पहिल्यांदा एकाच पानावर, ते करपले नाही तरच बाकीच्यांवर. दर आठवड्याला पुन्हा, कारण अंड्यांतून पिल्ले निघतच राहतात. जास्वंदीच्या दोन फांद्या मात्र वाचणार नाहीत. त्या छाटून पिशवीत बांधून टाकाव्या लागतील.

सभासदांनीही आपापल्या गॅलरीतल्या कुंड्यांची पाने उलटून पाहावीत, असे समितीने कळवावे. एका घरात कीड राहिली तरी ती जिन्यात परत येईल. नवी कुंडी आणली तर दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी.

आणि फलकावरची ती सूचना आजच काढावी. मावशी उद्या सकाळी कामावर येतील, तेव्हा ती तिथे नसावी.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरील एक सभासद