डांबर मारायच्या आधी छत कशाचं आहे ते तरी बघा

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पावसाळ्याआधी गाडीची काळजी कशी घ्यायची हे दरवर्षी पेपरात येतं, टायर ब्रेक वायपर सगळं असतं, पण छताबद्दल कोण लिहित नाही. साध्या कारला गरज नाही हे मान्य, पण ज्यांच्याकडे जुनी मोटारहोम म्हणजे आत राहायची सोय असलेली गाडी आहे किंवा टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली कॅराव्हॅन आहे त्यांची निम्मी गाडी छतावरूनच कुजते. 2021 ला सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं त्यानंतर माझ्या ओळखीतल्या दोघातिघांनी अशा जुन्या गाड्या घेतल्यात, त्यांच्यासाठी म्हणून हे पत्र.

गेल्या जुलैत आम्ही गगनबावड्याला मुक्कामाला होतो, तिथला पाऊस कसा असतो ते मी कोल्हापूरकरांना सांगायला नको. रात्री दोनला बायको उठली, उशी ओली. परत आल्यावर गाडी एका गॅरेजला दिली, तिथल्या पोरानं डाग बघितला, त्याच्या बरोबर वर चढून डांबर फासलं आणि त्यावर सिलिकॉनची नळी रिकामी केली. म्हणाला, "काका, आता थेंब येत नाही बघा." पंधरा दिवसात परत उशी ओली. मग आतलं सिलिंग मीच खोललं, तर प्लायवूड अंगठ्यानं दाबलं की आत जात होतं, चहात बुडवलेल्या खारीसारखं. आणि भोक कुठं होतं? डागापासून चार फूट मागं, ॲंटेनाच्या बुडातल्या एका स्क्रूला. पाणी तिथून शिरून फ्रेमच्या पट्टीवरून वाहत येऊन पलंगावर पडत होतं. पाणी पडतं तिथंच शिरतं असं नसतं, एवढं जरी लोकांनी लक्षात ठेवलं तरी बरीच गळती सापडेल. शोधायची तर एकानं आत टॉर्च घेऊन बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं पाणी मारायचं, पण खालून वर सरकत, एकेक सांधा करत. एकदम वरूनच सोडलं तर सगळीकडून वाहतं आणि काहीच कळत नाही.

त्याच्याही आधी छत कशाचं आहे ते ओळखायला पाहिजे. आपल्याकडं बांधलेल्या बॉडीचं छत बहुतेक फायबरचं नाहीतर पत्र्याचं असतं. लोहचुंबक चिकटला तर लोखंडी पत्रा, वाजवलं तर पत्र्यासारखं वाजतं पण चुंबक धरत नाही तर ॲल्युमिनियम. फायबर कडक लागतं आणि जुनं झालं की त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात. बाहेरून आलेली अमेरिकन गाडी असेल तर वर रबराचा पडदा असू शकतो, तो बोटाला मऊ लागतो. त्यातही दोन जाती, ईपीडीएम आणि टीपीओ. ईपीडीएम जुनं झालं की हात फिरवला तर बोटाला खडूसारखी पांढरी पूड लागते, आणि व्हेंटच्या, म्हणजे छतातल्या हवेच्या झरोक्याच्या, कडेला आतून कापलेली कड बघितली तर खालची बाजू बहुतेक वेळा काळी असते. नुसत्या पुडीवर जाऊ नका मात्र, जुनं फायबरही पूड सोडतं, दाबून मऊ की कडक ते बघाच.

हे एवढं का सांगतोय, तर डांबर, रॉकेल, थिनर यातलं काहीही ईपीडीएमला लागलं की रबर फुगतं आणि वर येतं. आणि सिलिकॉन तर कुठल्याच छतावर नको, कारण एकदा ते बसलं की त्यावर दुसरं काही धरत नाही, नवीन सिलिकॉनसुद्धा नीट धरत नाही. ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते पत्र्यालाही गंज लावतं. माझ्या छतावरचं खरवडून काढायला दोन रविवार गेले, प्लॅस्टिकची पट्टी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन.

त्यानंतरचं काम अवघड नाही, नुसती घाई करायची नाही. ॲंटेना, व्हेंट जे काही बसवलंय ते उचलायचं, भिजलेलं लाकूड बदलायचं, सगळं खडखडीत वाळू द्यायचं, बुडाखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून परत स्क्रू आवळायचे आणि मग वरून कड आणि स्क्रूची डोकी सीलंटनं, म्हणजे फटी बुजवायच्या लेपानं, पूर्ण झाकायची. फायबर आणि पत्र्याला पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट चालतं, बस बॉडीवाले वापरतात तेच. रबराला मात्र डब्यावर ईपीडीएम किंवा टीपीओसाठी असं लिहिलेलंच घ्यायचं, सपाटीला आपोआप पसरणारं आणि उभ्या कडेला न ओघळणारं. वर चढताना फळी टाकून चढा, जुन्या छतावर पाय थेट ठेवू नका. आणि हे सगळं शिमगा झाला की लगेच करा, वळीव सुरू झाल्यावर सांधे वाळतच नाहीत.

माझी एक विनंती आहे. उद्यमनगरात हाताला कसब असलेली पोरं भरपूर आहेत, त्या गॅरेजमधल्या पोराचाही मला राग नाही, त्याला हे कोण शिकवलंच नव्हतं. कळंबा रोडच्या आयटीआयमध्ये बॉडीकाम करणाऱ्यांसाठी सीलंटचं एक दिवसाचं शिबिर मार्चमध्ये घेता आलं तर तुमच्या पेपरातून तेवढं सुचवा. सरावाला छत पाहिजे असेल तर माझी गाडी मी घेऊन येतो, पुढच्या व्हेंटचं काम अजून राहिलंय.

आपला एक वाचक,
राजारामपुरी, कोल्हापूर