हरण हुकलं, बरं झालं

बाळ्या,

तू परवा फोनवर विचारलंस की आमची पोरगी साताऱ्यात ५० मीटरवरून दहा गुणांच्या मधल्या रिंगमध्ये बाण मारते आणि तुझं तिकडे अमेरिकेत धनुष्यबाणाच्या शिकारीत २७ यार्डांवरून हरण कसं काय हुकलं, तर तेव्हा घाईत होतो, आता निवांत लिहितो.

टार्गेट जागचं हलत नाही रे. आपली तिरंदाज अदिती स्वामी २०२३ला बर्लिनमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली ती ८ सेंटीमीटरच्या त्या रिंगवर, आणि ते सोपं मुळीच नाही, मला या जन्मात जमणार नाही. पण बाण सुटला की तो आवाज ऐकून ती रिंग खाली बसत नाही. हरण बसतं. माझा बाण सेकंदाला साधारण ८२ मीटर जातो आणि आवाज जातो सव्वातीनशेच्या वर, म्हणजे चौपट. २७ यार्ड म्हणजे जवळजवळ २५ मीटर, बाणाला लागतात ०.३ सेकंद आणि दोरीचा आवाज त्याच्या कानात पोचतो ०.०७ सेकंदात. मधला जो वेळ उरतो ना, तेवढा त्याला पुरतो. पळायचं म्हणजे आधी पाय दुमडावे लागतात, त्यात आख्खं अंग खाली जातं, आणि बाण वरून निघून जातो. इथले जुने शिकारी हे धरूनच हृदयाच्या थोडं खाली नेम धरतात, मीही तसाच धरला होता.

झालं असं, नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा, नर माजावर आलेले, दिवसाउजेडीही माद्यांच्या मागे फिरतात. केटल मोरेनच्या दक्षिण भागात होतो मी, विस्कॉन्सिनमधलं सरकारी जंगल आहे हे, हिमनदीने सोडलेल्या टेकड्या आणि त्यांच्यामधले खड्डे. तिथे मचाण रात्रभर ठेवायला परवानगी नाही, रोज पाठीवर न्यायचं, झाडाला बांधायचं, पडू नये म्हणून अंगाला हार्नेसचा पट्टा अडकवायचा, परत काढून आणायचं. थंडी होती, ओकच्या पाल्यावर दंव गोठलेलं, त्यामुळे पाऊल पडलं की चुरचुर ऐकू येते. तशीच आली. आठ टोकांच्या शिंगांचा नर, नाक जमिनीला लावून मादीचा माग काढत चाललेला. आडवा उभा राहिला, डोकं खालीच. मी धनुष्य ओढलं, पुढच्या पायाच्या मागे धनुष्यावरची नेमाची पिन टेकवली आणि सोडला.

आणि तो बसला. अरे मी डोळ्यांनी बघितलं, छाती पाल्याला टेकते की काय इतका खाली, आणि बाण पाठीवरून. मग दोन उड्या, शेपटीचं पांढरं निशाण वर, गेला.

पण वरून गेला हे मला दिसलं तरी ते खरं मानायचं नसतं. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, फुफ्फुसं कापून रक्त जाऊन जनावर पडतं, तेही लागावा तिथे लागला तर. पाठीच्या मांसात घुसला तर ते जनावर जखम घेऊन कुठेतरी जातं, आणि पोटात लागला तर विचारूच नको, तास न् तास तडफडतं. म्हणून अर्धा तास वरच बसलो, नुसता बसून राहिलो, पोटात गोळा आलेला. खाली उतरून बाण शोधला, पाल्यात तिरका रुतला होता. माझ्या बाणाची पिसं मुद्दाम पांढरी असतात, रक्ताचा थेंब लागला तरी दिसावा म्हणून. ती कोरडी होती. पांढऱ्या टिश्यूने बाण टोकापासून शेवटपर्यंत पुसला, लाल काही नाही, चरबीचा चिकटपणा नाही, वास घेतला, फक्त ओल्या मातीचा. जमिनीवर केसही नाहीत. तरी खुरांचा माग धरून टेकडीपलीकडच्या ओढ्यापर्यंत गेलो, पान न् पान बघत, कुठे काही नाही. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

तू म्हणालास वाईट वाटलं असेल. नाही वाटलं रे. मटण घरी आलं असतं तर आवडलंच असतं, आम्ही वर्षभर तेच खातो. पण चार इंच खाली लागला असता तर आत्ता मी तुला पत्र लिहीत नसतो, जंगलात माग काढत फिरत असतो, आणि सापडलं नसतं तर झोप उडाली असती. साफ लागावा नाहीतर साफ हुकावा, मधलं नको.

आता २० यार्डांच्या पुढे सोडायचा नाही असं ठरवलंय आणि जड बाण मागवलेत, थोडे सावकाश जातात पण धनुष्याचा आवाज कमी होतो. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या, आधीच्या शनिवारपासून ९ दिवस बंदुकीचा सीझन, तेव्हा धनुष्यवाल्यांनाही भडक नारिंगी किंवा गुलाबी घालावं लागतं, त्या गर्दीत मी जात नाही. डिसेंबरात जाईन. पोरीच्या सरांना विचारून कळव, दोरीची थरथर कमी करायला ते काय लावतात, आणि तिचं धनुष्य आता ओढायला किती पौंडांचं झालंय?

तुझा,
पक्या