सोडा वेगळा, व्हिनेगर वेगळे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घरसफाईच्या नैसर्गिक उपायांवर लेख छापताना 'खायचा सोडा भुरभुरवा, वरून व्हिनेगर ओता, फेस आला की घासा' ही कृती कृपया गाळावी. फेसाचा थोडा धक्का बसतो, एवढेच. व्हिनेगरमधले आम्ल आणि सोड्यातले अल्क एकमेकांना मारून मोकळे होतात. ५ टक्क्यांच्या १०० मिली व्हिनेगरमधले सगळे आम्ल ७ ग्रॅम सोड्यात, म्हणजे जेमतेम दीड छोट्या चमच्यात संपते. वायू उडून जातो आणि मागे उरते सोडियम ॲसिटेटचे पाणी. त्याने ना ओशटपणा निघत, ना क्षार. हेच मिश्रण बाटलीत भरून झाकण घट्ट लावले, तर वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते, ते आणखी वेगळेच.

आधी मळ ओळखावा. नळावरचे पांढरे डाग आणि किटलीतला खरखरीत थर हे क्षार. त्यांना आम्ल लागते. व्हिनेगरमध्ये भिजवलेले फडके नळाला अर्धा तास गुंडाळावे, जुन्या टूथब्रशने घासावे, धुऊन कोरडे पुसावे. रात्रभर ठेवू नये. मुलाम्यावर चरा असेल तर आम्ल तिथून आत शिरते आणि मुलामा सुटू लागतो. किटलीसाठी १ लिटर कोमट पाण्यात २० ते ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड अर्धा तास पुरते. हे पाणी उकळू नये, कारण उकळत्या पाण्यात कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसू शकतो आणि तो जुन्यापेक्षा चिवट असतो. लिंबाची फोड चोळायला हरकत नाही, पण नंतर धुवावे. रसातली साखर चिकट राहते आणि धूळ धरते.

संगमरवर, चुनखडीचा दगड आणि फरशीच्या सिमेंटच्या सांध्यांना मात्र आम्ल लावूच नये. संगमरवरावर व्हिनेगर सांडले की जो निस्तेज ठिपका दिसतो, तो डाग नसून दगडच विरघळलेला असतो. तो पुसून जात नाही, पॉलिशच करावे लागते. 'नैसर्गिक आहे, म्हणून कशालाही चालेल' या समजुतीने सर्वात जास्त नुकसान होते ते इथे.

ओशटपणाचे गणित उलटे. त्याला अल्क हवे, आणि खायचा सोडा त्यासाठी फार सौम्य आहे. धुण्याचा सोडा घ्यावा: ५ लिटर गरम पाण्यात ३ ते ४ मोठे चमचे. एक्झॉस्ट पंख्याची पाती २० मिनिटे बुडवावीत, हातमोजे घालून घासावीत. वस्तू ॲल्युमिनियमची असेल तर हा सोडा टाळावा, ती काळी पडते. चिमणीच्या बऱ्याच जाळ्या ॲल्युमिनियमच्याच असतात. त्यांना गरम पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे. खायचा सोडा ठेवावा हलक्या घासणीसाठी. तीन भाग सोडा, एक भाग पाणी अशी पेस्ट स्टीलच्या सिंकला उत्तम. ती धुतल्यावर पांढरट झाक राहिलीच, तर व्हिनेगरच्या ओल्या फडक्याने पुसावी. दोन्ही वापरायचेच तर असे, एकामागून एक.

खऱ्या, म्हणजे तेल-चरबीपासून बनवलेल्या साबणाच्या द्रावणातही व्हिनेगर घालू नये. साबण फाटतो, स्निग्धाम्ले वेगळी होतात आणि फरशीवर चिकट पांढरा पापुद्रा बसतो. बाजारातल्या बहुतेक डिटर्जंटना हा त्रास नाही.

पाण्याला हात लावण्याआधी वरून खाली कोरडी धूळ काढावी, नाहीतर चिखलच पुसत बसावे लागते. व्हिनेगर हे भरवशाचे जंतुनाशक नव्हे, हेही लिहावे. घरात आजारी माणूस असेल तर योग्य जंतुनाशकच वापरावे.

बाकी काही छापले नाही तरी चालेल, पण पुढची सूचना चौकटीत द्यावी. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा कोणतेही आम्ल गेले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एका बाटलीत भरू नये; त्यातून डोळ्यांना आणि फुप्फुसांना झोंबणारे पेरॲसिटिक आम्ल तयार होते.

आपला,
एक वाचक