'गॅलॅक्टिका'च्या संगीतकारास अनावृत पत्र

श्री. बेअर मॅक्रिअरी यांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे आणि आपल्याला ते वाचता येणार नाही, याची मला कल्पना आहे. तरीही ते याच भाषेत लिहितो आहे, कारण ज्या मालिकेसाठी आपले आभार मानायचे आहेत तिच्या शीर्षकसंगीतात गायिलेला गायत्री मंत्र मी लहानपणी याच देवनागरी लिपीत वाचला आणि पाठ केला. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अंतराळातल्या विज्ञानकथा-मालिकेचे ते शीर्षकसंगीत रिचर्ड गिब्ज यांचे, हे मला ठाऊक आहे. 2003 च्या लघुमालिकेचे संगीतही त्यांचेच होते आणि आपण तेव्हा त्यांना साहाय्य करत होता. नियमित मालिका सुरू झाली तेव्हा ती जबाबदारी आपल्याकडे आली आणि 2009 मधल्या अखेरच्या दृश्यापर्यंत आपण ती निभावली. मी संगीताचा जाणकार नाही. स्वर ओळखण्याइतके शिक्षणही मला मिळालेले नाही. म्हणूनच आपण मला जे ऐकवलेत, त्याचे ऋण मला अधिक वाटते.

प्रथम माझा राग सांगतो, कारण त्याशिवाय आभाराला अर्थ येणार नाही. चौथे आणि शेवटचे पर्व एप्रिल 2008 मध्ये सुरू झाले आणि मार्च 2009 मध्ये संपले. मध्यंतरी हॉलिवूडमधल्या लेखकांच्या संपामुळे चित्रीकरण थांबले होते, आणि जून ते जानेवारी आम्ही प्रेक्षक एका जळून गेलेल्या पृथ्वीच्या किनाऱ्यावर ताटकळत उभे होतो. जिच्या शोधात, सायलॉन या यंत्रमानवांच्या हल्ल्यातून वाचलेल्या माणसांच्या जहाजांचा सारा ताफा निघाला होता, ती पृथ्वी दोन हजार वर्षांपूर्वीच अण्वस्त्रांनी उद्ध्वस्त झाली होती, हा धक्का मी मनापासून स्वीकारला. जानेवारीत पुन्हा सुरू झालेल्या पहिल्याच भागात ताफ्यातल्या अधिकारी डुआलाने अत्यंत आनंदाने घालवलेल्या संध्याकाळीनंतर स्वतःवर गोळी झाडली, तेव्हा ही मालिका प्रेक्षकाला खोटा दिलासा देणार नाही, अशी माझी खात्रीच पटली होती. मग 20 मार्च 2009 चा अंतिम भाग आला. सायलॉनांची जी 'योजना' सुरुवातीच्या पर्वांत दर आठवड्याला पडद्यावर लिहून सांगितली जात होती तिचे काय झाले, मरून परत आलेली वैमानिक कारा थ्रेस नेमकी कोण होती, शास्त्रज्ञ बाल्टारला एकट्यालाच दिसणारी ती लाल झग्यातली स्त्री कोणाची दूत होती, या साऱ्यांचे उत्तर जवळजवळ एका शब्दात देण्यात आले: देव. ताफ्यातल्या चाळीस हजारांहून कमी उरलेल्या माणसांनी आपली जहाजे, यंत्रे आणि शहराची कल्पना एका बैठकीत सोडून दिली, आणि कुणी फारसा वादही घातला नाही. भाग संपल्यावर मी संच बंद केला आणि ही मालिका पुन्हा पाहायची नाही, असे ठरवले. तो निश्चय मी बराच काळ पाळलाही.

तो मोडला आपल्या ध्वनिमुद्रिकेने. चौथ्या पर्वाच्या संगीताचा संच दोन तबकड्यांचा आहे आणि त्यातली दुसरी तबकडी केवळ अंतिम भागाला वाहिलेली आहे. मी ती कथेसाठी लावली नव्हती; काही काम करताना कानाला सोबत हवी, एवढाच हेतू होता. चित्र नाही, संवाद नाही, पटकथेतल्या पळवाटा नाहीत. अर्ध्या तासातच हातातले काम बाजूला पडले, कारण ज्या शेवटाला मी उपरा आणि ऐनवेळी चिकटवलेला म्हणत होतो, त्याची तयारी आपण पहिल्या पर्वापासून करत आला होतात, हे मला ऐकू येऊ लागले.

अंतराळातल्या कथांना तुताऱ्या आणि विजयघोष लागतात, असा एक प्रघात आहे. आपल्या मालिकेने सुरुवातीला तो कटाक्षाने टाळला. जपानी तायको ढोलांचा घुमता ठोका, आर्मेनियन सुषिरवाद्य डुडुकचा भरून आलेला आवाज, चिनी तंतुवाद्य एर्हू, आयरिश पाइप्स, मधूनमधून इंडोनेशियन गॅमेलान, अशा वाद्यांनी आपण त्या लोखंडी जहाजाला कुठल्याच एका देशाचे होऊ दिले नाही. (शीर्षकसंगीतात मंत्रानंतर तायको सुरू होतात आणि त्या भागातल्या पुढच्या दृश्यांचे तुकडे झरझर दिसतात, त्या वेळी मी नेहमी डोळे मिटून घ्यायचो, म्हणजे पुढचे काही कळू नये. कान उघडे ठेवायची सवय बहुधा तिथेच लागली असावी.) पहिल्या पर्वाच्या अखेरीस तंतुवाद्यांची ती शांत 'पासाकाग्लिया' आली. या रचनाप्रकारात खालचा एक आकृतिबंध पुन्हापुन्हा तसाच येत राहतो आणि वरची सुरावट दर फेरीला बदलते. हे सारे पूर्वी घडले आहे आणि पुन्हा घडणार आहे, असे या मालिकेतली माणसे सतत म्हणतात. आपण तेच तत्त्व पात्रांच्या तोंडून वदवण्याऐवजी रचनेच्या सांगाड्यातच बसवलेत. अंतिम भागात अनेक पात्रांना पडत आलेले ऑपेरागृहाचे ते जुने स्वप्न जहाजाच्या नियंत्रणकक्षात खरे ठरते, बाल्टार आणि सिक्स ही सायलॉन स्त्री, माणूस आणि सायलॉन यांची लेक असलेल्या हेराला उचलून आत आणतात, वरच्या सज्जात अखेरचे ते पाच सायलॉन उभे असतात, आणि त्या क्षणी पुन्हा तेच सूर येतात. कथेच्या हिशेबात तो योगायोग मला आजही ओढूनताणून आणलेला वाटतो. संगीताच्या हिशेबात तो चार पर्वे थांबलेला समेचा क्षण आहे.

आता ज्या भागासाठी हे पत्र प्रामुख्याने लिहितो आहे, त्याकडे वळतो. 27 फेब्रुवारी 2009 रोजी प्रसारित झालेला तो भाग, ज्यात कारा जहाजावरल्या मद्यालयात एका पियानोवादकाशेजारी जाऊन बसते. तो एक रचना पुरी करण्याच्या खटपटीत असतो. ती त्याला टोकते, चिडवते, आणि बोलता बोलता आपल्या वडिलांबद्दल सांगू लागते, जे पियानो वाजवत आणि एक दिवस घर सोडून निघून गेले. दुसऱ्या पर्वात काराने कॅप्रिका या ग्रहावरच्या आपल्या पडक्या घरात वडिलांच्या वादनाचे मुद्रण लावले होते, तेव्हा आपण तिथे फिलिप ग्लास यांची पियानोरचना वापरली होती. ती आठवण ठेवणाऱ्याला हा प्रसंग अधिकच लागतो. मग लहानग्या हेराने काढून दिलेल्या चित्रातले रंगीत ठिपके तारे नसून स्वर आहेत, हे काराच्या ध्यानात येते. दोघे मिळून ते वाजवतात, आणि जी धून निघते ती आम्हा प्रेक्षकांच्या ओळखीची असते: तिसऱ्या पर्वाच्या शेवटी चार माणसांना भिंतीतून ऐकू येणारी, त्यांना स्वतःची सायलॉन ओळख पटवणारी, बॉब डिलन यांच्या 1967 सालच्या 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' या गाण्याची धून. आपल्या बंधूंच्या आवाजात आणि विद्युत सतारीच्या साथीने आपण तिला आधीच इतके परके रूप दिले होते, की ती पियानोवर एकेका बोटाने उलगडताना मला माझ्याच आठवणीतून निघाल्यासारखी वाटली. धून पुरी होते आणि वादक तिथे नसतो. तो काराचा बापच होता, हे आपण सुरांनी सांगितलेत. संवादांनी ते फार उशिरा मानले.

तबकडी ऐकताना मला जे कळले, ते या भागाला अंतिम भागाशेजारी ठेवल्यावरच कळते. अंतिम भागात जहाज मोडकळीस आलेले असताना कुठे उडी घ्यायची, हे कुणालाच ठाऊक नसते. कारा त्या स्वरांना दिलेले आकडे यंत्रात भरते आणि जहाज आपल्या पृथ्वीजवळ येऊन पोहोचते. त्यानंतर थोड्याच वेळात, गवताळ माळावर तिचा सहकारी वैमानिक ली याच्याशी बोलता बोलता, तो पाठमोरा वळतो आणि ती नाहीशी झालेली असते. मी वर्षानुवर्षे म्हणत होतो की हे लेखकांनी हात झटकणे आहे. पण पियानोजवळही हेच घडले होते. धून पोहोचवून झाली आणि वाजवणारा उठून गेला. बाप तसा गेला, लेकही तशीच गेली. ती देवदूत होती की भूत, हा प्रश्न मला आता तितका छळत नाही. तिच्यावर एक सुरावट सोपवलेली होती, आणि ती तिने योग्य जागी पोहोचवली. हे उत्तर पटकथेत सापडत नाही. ते आपल्याकडून मिळाले, आणि ते मिळाल्यावर मी चौथे पर्व पहिल्या भागापासून पुन्हा पाहिले.

पुन्हा पाहताना जहाजावरचा अधिकारी गेटा याचे गाणेही नव्याने भेटले. पाय कापल्यानंतर रुग्णकक्षात पडून तो जे गातो, ते. ती भूमिका करणारे अलेसांड्रो ज्युलियानी हे शिक्षित गायक आहेत आणि त्यांच्या त्या गळ्याचा आपण किती संयमाने उपयोग केलात! पुढे हाच माणूस बंड करतो आणि गोळीबार पथकासमोर उभा राहतो. त्याच्यावर रागावणे मला जमले नाही, याला ते गाणे कारण आहे.

मंत्राकडे परत येतो. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली ती ऋचा सवित्याला उद्देशून आहे. सविता म्हणजे चेतना देणारा, प्रेरणा देणारा सूर्यदेव. पाश्चात्त्य गायिकेच्या तोंडचे ते उच्चार पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला थोडे हसू आले होते, आणि विदेशी गूढतेचा एक अलंकार म्हणून मी ते सोडून दिले होते. पण शेवटच्या भागात सूर्य कितीदा येतो, ते पाहा. ताफ्याची मरणासन्न राष्ट्राध्यक्ष रॉझलिन विमानातून खालचे प्राणिजीवन पाहते आणि उन्हात तिचे डोळे मिटतात. जहाजाचा सेनानी ॲडामा तिच्या समाधीशेजारी बसून, बांधायच्या घरावर सकाळचे ऊन कसे येईल, ते तिला सांगतो. त्या रचनेला आपण दिलेले नावच 'ॲन ईस्टर्ली व्ह्यू' आहे. आणि रिकामा ताफा सरळ सूर्यात जातो. आरंभीच्या त्या मंत्राशी हे सारे कुणी ठरवून जुळवले असेल, असा माझा दावा नाही. मंत्र पाठ असलेल्याला मात्र ते जुळलेले दिसल्याशिवाय राहत नाही.

त्याच मंत्रामुळे माझे भांडण शिल्लक आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. त्याचा शेवटचा चरण आमच्या बुद्धीला प्रेरणा मिळावी, असे मागतो. धियो यो नः प्रचोदयात्. आणि त्या मंत्राने सुरू झालेल्या मालिकेचा शेवट काय, तर माणसांनी बुद्धीने मिळवलेले सारे भट्टीत लोटून द्यावे, शस्त्रक्रियेची एक खोलीसुद्धा मागे ठेवू नये, आणि दीड लाख वर्षांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर यंत्रमानवांची चित्रे पाहत तेच चक्र पुन्हा फिरणार की काय, अशी शंका घेत उभे राहावे. हे मला तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही, आणि आपल्या संगीतानेही ते पटवून देण्याचा प्रयत्न केलेला नाही, याबद्दल मी विशेष आभारी आहे. जहाजे सोडून देण्याच्या त्या प्रसंगांत आपण कुठेही विजय वाजवला नाहीत. निरोप वाजवलात.

त्या निरोपातली एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. त्या पाच सायलॉनांपैकी सॅम अँडर्स ताफा घेऊन सूर्याकडे निघतो तेव्हा ऐकू येते ती धून आपली नाही. ती 1978 च्या मूळ मालिकेसाठी स्टू फिलिप्स यांनी रचलेली आहे, त्याच तुताऱ्यांची, ज्यांना नव्या मालिकेने दारातच थांबवले होते. दुसऱ्या पर्वात ती एकदा राष्ट्रगीतासारखी डोकावून गेली होती. एरवी आपण तिला इतकी वर्षे राखून ठेवलेत. चार वर्षांहून अधिक काळ ज्या जगाला आपण आवाज दिला, त्याच्या शेवटच्या प्रवासाची वेळ आली तेव्हा स्वतःची सुरावट बाजूला ठेवून आपण ती जागा आपल्याआधीच्या संगीतकाराला दिलीत. मूळ मालिका चोवीस भागांत बंद पडली होती आणि तिच्या जहाजाला कुठे पोहोचताच आले नव्हते. ते जुने जहाजही त्या संध्याकाळी या ताफ्यासोबत निघाले, असे मला तबकडी ऐकताना वाटले, आणि तो भाग मी थांबवून पुन्हा सुरुवातीपासून लावला.

आपला ऋणी,
एक प्रेक्षक, जो उशिरा श्रोता झाला