घराच्या विम्याबद्दल आई-बाबांना

ती. आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गृहकर्ज फिटल्याचं कळवलंत, खूप बरं वाटलं. कर्ज होतं तोवर घराचा विमा चालू आहे की नाही, याकडे बँकेचं लक्ष होतं. आता हे विचारणारं कुणी उरलं नाही, म्हणून आपणच लवकर हातात घेऊ या. तुम्ही पाठवलेली दोन्ही कंपन्यांची कागदपत्रं मी वाचली. ज्याचा हप्ता कमी ती पॉलिसी घेऊन टाकू, असं तुमचं म्हणणं आहे. मला ते पटत नाही. हप्ता वर्षातून एकदा भरायचा असतो आणि तो तुम्हाला झेपणारा आहे. घराचं काही झालं तर हातात किती येणार, हे त्याहून फार मोठं आहे, आणि दोन्ही पॉलिसींतला खरा फरक तिथेच आहे.

आधी विम्याच्या रकमेचं बघू. घर आज विकलं तर जेवढे येतील तेवढ्याचा विमा काढायचा, असं तुम्ही धरलं आहे. पण त्या भावात जमिनीची किंमत असते आणि जमीन आगीत जळत नाही. आपल्याला हवा तो आकडा म्हणजे तेच घर त्याच जागी पुन्हा बांधायचा खर्च: सामान, मजुरी, आर्किटेक्टची फी, पडलेला राडारोडा उचलणं, आणि दरम्यान बांधकामाचे नियम बदलले असतील तर त्याप्रमाणे करावे लागणारे बदल. हा आकडा विक्रीच्या भावापेक्षा कमी निघेल किंवा जास्तही. मोठ्या आपत्तीनंतर तर सगळेच एकदम बांधायला काढतात, त्यामुळे मजुरी आणि सामान दोन्ही चढतं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये ३० डिसेंबर २०२१ रोजी मार्शल वणव्यात हजारावर घरं जळाली. विमा असूनही त्यातल्या कितीतरी कुटुंबांना ती रक्कम घर उभं करायला पुरली नाही.

कमी रकमेचा विमा काढण्यात आणखी एक धोका आहे, तो एजंट सहसा आपणहून सांगत नाही. पुष्कळ पॉलिसींमध्ये सरासरीचं कलम असतं. घर बांधायला जेवढा खर्च येईल त्याच्या निम्म्याच रकमेचा विमा असेल, तर फक्त स्वयंपाकघर जळालं तरी त्या नुकसानीचे निम्मेच पैसे मिळतात. बाबांना वाटतं, सगळं घर काही एकदम जाणार नाही, मग अर्धा विमा पुरे. हे कलम असेल तर तो हिशेब चालत नाही. तुम्ही पाठवलेल्या स्वस्त पॉलिसीत ते आहे, मी खूण केली आहे.

तसंच घसाऱ्याचं. काही पॉलिसी नवीन वस्तूची पूर्ण किंमत देतात, काही वापराची वर्षं वजा करून उरेल तेवढीच. आपलं छप्पर, वायरिंग, नळ सगळं जुनं झालं आहे. दुसऱ्या प्रकारात छप्पर उडालं तर मिळालेल्या पैशांत नवीन छप्पर होणारच नाही, उरलेली रक्कम तुमच्या ठेवीतून घालावी लागेल. उतारवयात ठेवीला हात लावायची वेळ तुमच्यावर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. म्हणून जास्तीचा हप्ता कुठे द्यायचाच असेल तर तो इथे द्या.

अपवादांचं पान मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. त्यात सगळ्यात फसवं पाणी. अचानक फुटलेल्या पाइपचं पाणी बहुतेक पॉलिसी धरतात. भिंतीत हळूहळू मुरलेली ओल धरत नाहीत. बाहेरून आलेला पूर आणि गटारातून उलटं आलेलं पाणी यांच्यासाठी कित्येकदा वेगळं कलम किंवा वेगळी पॉलिसीच घ्यावी लागते. २००५ साली अमेरिकेत कतरिना वादळानंतर नेमका यावरूनच वाद पेटला: घर वाऱ्याने पडलं की पाण्याने? वाऱ्याचं नुकसान पॉलिसीत होतं, पुराचं नव्हतं, आणि लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली. भूकंपाबद्दलही वेगळं विचारा. तोंडी ‘हो’ पुरेसं नाही, कलम दाखवायला सांगा.

तुम्ही दोघं माझ्याकडे येऊन राहता, तेव्हा घर बंद असतं. सलग ३० किंवा ६० दिवसांपेक्षा जास्त काळ घर रिकामं राहिलं तर चोरी किंवा पाणीगळतीचा दावा नाकारता येईल, अशी अट अनेक पॉलिसींत असते. त्यामुळे निघण्याआधी कंपनीला लेखी कळवायचं आणि पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा.

आई, तुझे दागिने घरच्या सामानात धरले जातील, पण त्यांना बहुधा छोटी मर्यादा असते. जास्त संरक्षण हवं असेल तर मूल्यांकन करून एकेक दागिना यादीत घालावा लागतो. तू घरी शिकवणी घेतेस हेही अर्जात लिही. बाबा म्हणतील, कशाला उगाच सांगायचं? अर्जात दडवलेल्या गोष्टीवर बोट ठेवून कंपनी पुढे दावा फेटाळू शकते, म्हणून. एखाद्या दुपारी दोघांनी मिळून खोल्याखोल्यांतून फिरून कपाटं उघडून व्हिडिओ काढा आणि मला पाठवा, म्हणजे त्याची एक प्रत घराबाहेर राहील.

हप्ता कमी करायचाच असेल तर विम्याची रक्कम कापू नका. प्रत्येक दाव्यात आपण स्वतः सोसायची रक्कम थोडी वाढवा, छोट्या दुरुस्त्या आपण करूच. फक्त ती ठरावीक आकड्यात आहे की टक्क्यांत, ते बघा. वादळासाठी काही ठिकाणी ती टक्क्यांत असते, आणि ते टक्के नुकसानीचे नसून विम्याच्या एकूण रकमेचे असतात. मोठं नुकसान नसेल तर हातात काहीच पडत नाही.

कंपनीबद्दल थोडंच लिहिते. १९९२ च्या अँड्र्यू वादळानंतर फ्लोरिडात काही विमा कंपन्यांचंच दिवाळं निघालं, म्हणून कंपनीची आर्थिक ताकद किती आहे हे नियामकाच्या अहवालांतून मी तपासते. तक्रारी किती आणि कशाबद्दल आहेत, तेही बघते. तुम्ही ओळखीतल्या, प्रत्यक्ष दावा केलेल्या लोकांना विचारा: नुकसान बघायला सर्व्हेअर किती दिवसांत आला, पैसे किती कापले, फोन कुणी उचलायचं का? हे फक्त त्यांनाच ठाऊक असतं. तुमचा एजंट सज्जन आहे, मला तो आवडतो, पण तो एकाच कंपनीचा आहे. एखाद्या ब्रोकरकडून दुसरा प्रस्तावही घेऊ. दोन्ही प्रस्तावांत रक्कम आणि अटी सारख्याच ठेवायला सांगा, नाहीतर तुलना कशाची करणार?

पॉलिसीवर दोघांची नावं असू देत. घर दोघांचं आहे, आणि आईला पॉलिसी कुठे ठेवली आहे, दाव्यासाठी कोणता नंबर लावायचा, हे बाबांइतकंच माहीत हवं.

बांधकामाच्या खर्चाचा अंदाज एखाद्या इंजिनिअरकडून काढून घ्या, त्याची फी मी पाठवते. तो आकडा आला की एजंटला सरासरीचं कलम, घसारा, पूर आणि बंद घर या चार गोष्टींची लेखी उत्तरं मागा. ती येईपर्यंत कुठेही सही करू नका, आणि जुन्या पॉलिसीची मुदत कधी संपते ते मला आजच कळवा. मध्ये एकही दिवस घर विम्याविना राहायला नको.

तुमची लेक