शेवटची इच्छा कोर्टात हरली

महोदय,
देह गोठवून ठेवला म्हणजे माणूस पुढेमागे परत येईल, यावर माझा विश्वास नाही. तरी फ्रान्समधील एक प्रकरण डोक्यातून जात नाही. एका डॉक्टरने १९८४ मध्ये पत्नीचा देह घराच्या तळघरात गोठवून ठेवला. २००२ मध्ये तो गेल्यावर मुलाने त्यालाही तिथेच ठेवले. सरकारचे म्हणणे एकच : दफन करा नाहीतर दहन. २००६ मध्ये तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानेही तेच सांगितले. त्याच वर्षी शीतयंत्र बिघडले आणि दोघांचे दहन झाले. सार्वजनिक आरोग्याची काळजी रास्तच. पण तपासणीच्या अटी घालून परवानगी देता आली नसती का? शेवटची इच्छा एवढी स्वस्त नसते हो!
– एक वाचक